बांधकाम व्यवस्थापन : मुदतीचे आणि मोजमापाचे शास्त्र

वांद्रे-वरळी सागरी सेतूची कोनशिला १९९९ मध्ये बसविण्यात आली, तेव्हा हे काम पाच वर्षांत आणि सुमारे ६६० कोटी रुपयांत पूर्ण होईल, असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात सेतू वाहतुकीसाठी खुला झाला तो २००९ च्या मध्यावर आणि तोवर खर्च १६०० कोटींच्या घरात गेला होता. सेतूच्या मजबुतीविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. आराखड्यातील बदल, न्यायालयातील याचिका आणि थकलेली देणी यांत वर्षे गेली. पूल बांधण्याचे शास्त्र आपल्याकडे होते. तो वेळेत आणि ठरल्या पैशांत बांधण्याचे शास्त्र तोकडे पडले.

हे दुसरे शास्त्र आता विद्यापीठांत शिकविले जाते. कन्स्ट्रक्शन इंजिनीअरिंग अँड मॅनेजमेंट, कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी अँड मॅनेजमेंट, किंवा नुसतेच कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट अशा नावांनी हा अभ्यासक्रम ओळखला जातो. नावे निराळी असली तरी गाभा एकच आहे. एखादी तुळई किती भार सोसेल, हे सिव्हिल इंजिनीअरिंगच्या पदवीत शिकविले जाते. तीच तुळई कोणत्या आठवड्यात, कोणत्या गँगकडून, किती खर्चात उभी राहील, ती लांबली तर पुढची कोणती कामे अडतील आणि लांबल्याचा भुर्दंड कोणी सोसायचा, हा या विषयाचा प्रांत आहे.

‘मॅनेजमेंट’ या शब्दाने अनेक विद्यार्थी फसतात, हेही प्रारंभीच सांगितले पाहिजे. वातानुकूलित कचेरी, टाय आणि सादरीकरण असे चित्र मनात धरून या शाखेकडे येणाऱ्यांची पहिल्याच नोकरीत निराशा होते. साइटवर सकाळी आठला हजर राहावे लागते आणि स्लॅबचा दिवस असेल तर घरी परतण्याची वेळ काँक्रीट ठरविते.

पाणबुडीपासून पायाभरणीपर्यंत

महाराष्ट्रात या शिक्षणाची मुळे बरीच जुनी आहेत. पुण्यात १८५४ मध्ये सरकारने इंजिनीअरिंगचा जो वर्ग सुरू केला, त्याचा हेतू सार्वजनिक बांधकामांवर देखरेख करणारे दुय्यम अधिकारी घडविणे हा होता. इमारती, कालवे, लोहमार्ग आणि पूल यांच्या कामावर उभे राहून हिशेब ठेवणारी माणसे सरकारला हवी होती. त्याच वर्गाचे पुढे पुणे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि २०२२ मध्ये ‘सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ’. म्हणजे संरचनेची अवघड गणिते नंतर आली. देखरेख आधीपासून होती.

आज वर्गात शिकविले जाणारे तंत्र मात्र बांधकामातून आलेले नाही. अमेरिकेतील ड्यूपाँ या रसायन कंपनीला आपल्या कारखान्यांची उभारणी आणि दुरुस्तीसाठीची बंदी यांचे नियोजन हवे होते. त्यातून १९५७ च्या सुमारास मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत विकसित केली. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकी नौदलाने पाणबुडीवरून डागावयाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही पद्धत वापरात आणली. दोन्हींना त्या काळचे अवाढव्य संगणक लागत. सामान्य कंत्राटदाराला ते कोठून परवडणार? स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉन फाँडाल यांनी १९६१ मध्ये हेच गणित कागद-पेन्सिलीने करण्याची रीत मांडली, आणि हे तंत्र बांधकामाच्या साइटवर पोहोचले. पर्ड्यू विद्यापीठाने १९७६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभागच काढला. तेथील पदवीच्या विद्यार्थ्यांना तीन उन्हाळे प्रत्यक्ष बांधकाम कंपनीत काढावे लागत. ही अट आपल्या विद्यापीठांनी अद्याप मनापासून उचललेली नाही.

भारतात या क्षेत्रातील ठळक टप्पा १९८३ चा. बांधकाम उद्योगाच्या पुढाकाराने त्या वर्षी ‘निकमार’ ही संस्था स्थापन झाली. पुण्यातील बालेवाडीची ही संस्था दीर्घकाळ पदव्युत्तर पदविका देत असे. २०२२ पासून तिला विद्यापीठाचे स्वरूप आले आहे.

सवड कोठे आहे?

क्रिटिकल पाथ म्हणजे काय, हे एका घरगुती उदाहरणाने पाहू. समजा, एका इमारतीचा शेवटचा स्लॅब पडून लिफ्टची विहीर तयार होण्यास आठ महिने लागणार आहेत. लिफ्टची मागणी नोंदविल्यापासून ती कारखान्यातून येण्यास सहा महिने लागतात. म्हणजे मागणी नोंदविण्यात दोन महिन्यांची सवड आहे. इंग्रजी पुस्तकांत तिला ‘फ्लोट’ म्हणतात. मालकाने दर घासण्यात तीन महिने घालविले, तर लिफ्ट नवव्या महिन्यात येईल. मग गवंडी, सेंटरिंगवाले आणि फिटर यांनी रात्रंदिवस काम केले तरी इमारत एक महिना उशिराच होणार. उशीर साइटवर दिसतो. जन्मतो मात्र खरेदी विभागातल्या टेबलावर. कोणत्या कामांना सवड आहे आणि कोणत्या कामांना एका दिवसाचीही नाही, हे आधी ओळखणे हे नियोजन अभियंत्याचे पहिले कर्तव्य.

काही कालावधी निसर्गच ठरवितो, त्यांत घाई चालत नाही. २००० सालच्या आयएस ४५६ या संहितेनुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या आणि साडेचार मीटरपर्यंत गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरपेक्षा लांब तुळईसाठी तोच काळ २१ दिवसांचा आहे. सेंटरिंगचे सामान लवकर मोकळे व्हावे म्हणून मुकादम टेकू काढण्याची घाई करतो, तेव्हा त्याला थांबविण्याचा अधिकार आणि कारण दोन्ही अभियंत्याजवळ हवेत. वेळापत्रक आखणाऱ्याला हे आकडे पाठ नसतील, तर संगणकावरील सुंदर तक्ता निरुपयोगी ठरतो.

पैशांच्या हिशेबातही असाच एक चकवा आहे. दहा कोटींचे, दहा महिन्यांचे काम घ्या. सहाव्या महिन्याअखेर सहा कोटींचे काम व्हायला हवे होते. खर्च झाला साडेपाच कोटी. ताळेबंद पाहणारा म्हणेल, अर्धा कोटी वाचला! मोजमाप घेतले तेव्हा झालेल्या कामाची ठरलेली किंमत निघाली पाच कोटी. म्हणजे काम एक कोटीने मागे आहे आणि झालेल्या कामावरही अर्धा कोटी जादा गेला आहे. ‘अर्न्ड व्हॅल्यू’ या भारदस्त नावाखाली शिकविले जाते ते एवढेच. मात्र यातील तिसरा आकडा, झालेल्या कामाचे मोजमाप, टेप घेऊन साइटवर गेल्याशिवाय मिळत नाही.

मोजमापावरून एक गंमत. पुस्तके घनमीटरात बोलतात; वाळू-खडीचा व्यवहार अजूनही ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. हा सांधा ज्याला पटकन जुळविता येत नाही, त्याला पुरवठादार पहिल्याच आठवड्यात ओळखतात.

कागद हेच हत्यार

अभ्यासक्रमातील सर्वांत दुर्लक्षित आणि नोकरीत सर्वाधिक उपयोगी पडणारा भाग कराराचा आहे. विद्यार्थी प्रायमाव्हेरा, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आणि ‘बिम’ या संगणकप्रणालींकडे धाव घेतात. कराराच्या तासाला मागच्या बाकांवर डुलक्या चालतात. वास्तविक १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील ५५, ७३ आणि ७४ ही कलमे समजल्याखेरीज मुदत आणि नुकसानभरपाई यांचा वाद समजत नाही. करारात विलंबाचा दंड अमुक लाख लिहिला म्हणून तेवढा मिळतोच असे नाही. कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी तेवढी भरपाई देते.

मोठ्या आणि विदेशी कर्जातून होणाऱ्या प्रकल्पांत ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नमुना करार वापरले जातात. त्यांच्या १९९९ च्या आवृत्तीत एक जालीम कलम आहे. विलंबाचे कारण कळल्यापासून किंवा कळायला हवे होते तेव्हापासून २८ दिवसांत कंत्राटदाराने लेखी सूचना दिली नाही, तर मुदतवाढीचा आणि जादा पैशांचा हक्क गमवावा लागतो. जागा ताब्यात मिळाली नाही, नकाशे उशिरा आले, पाण्याची जुनी वाहिनी मध्ये निघाली, अशा प्रत्येक गोष्टीची त्या त्या दिवशी नोंद व्हायला हवी. लवादापुढे आठवण चालत नाही, रोजनिशी चालते. सार्वजनिक बांधकाम खात्यातील मोजमाप पुस्तिकेला जुने अभियंते पोथीसारखे जपत, त्यामागचे कारण हेच आहे.

या कागदांचा संबंध केवळ कंपन्यांशी आहे, असे शहरी वाचकाने समजू नये. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, म्हणजेच ‘रेरा’नुसार, घरखरेदीदारांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. त्यातून पैसे काढताना काम किती टक्के झाले, याचे प्रमाणपत्र अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांनी द्यावयाचे असते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेत दोष निघाल्यास विकासकाने तो विनामोबदला दुरुस्त करणेही कायद्याने बंधनकारक आहे. ‘काम ६० टक्के पूर्ण’ असे लिहून सही करणारा अभियंता कोणाच्या तरी आयुष्यभराच्या बचतीवर सही करीत असतो. महारेरा १ मे २०१७ पासून कार्यरत झाल्यावर या प्रमाणपत्रांमागचे मोजमाप जाणणाऱ्या माणसांची गरज वाढली, हे उघड आहे.

सुरक्षेचा पेपर

काही विद्यापीठांत सुरक्षा हा ऐच्छिक विषय असतो. तो ऐच्छिक का असावा, हे कळत नाही. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना गर्डर बसविणारे अजस्र यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात, १० सप्टेंबरला, ठाण्यात बाळकुम परिसरातील ४० मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार दगावले. क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढली का, दोराची तपासणी कधी झाली, काम थांबविण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न अपघातानंतर विचारले जातात. सुरक्षा व्यवस्थापनाचा अभ्यास म्हणजे हेच प्रश्न आदल्या दिवशी विचारणे.

मजुरांच्या कायद्याबाबत एक सावधगिरीची सूचना. १९९६ चा बांधकाम मजूर कायदा अनेक टिपणांत अद्याप जसाच्या तसा छापलेला आढळतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी त्याची जागा घेतली आहे. परीक्षेसाठी आणि मुलाखतीसाठीही नवी तरतूद वाचणे आवश्यक.

या क्षेत्रात येणाऱ्या मुलींनी कोणता प्रश्न आधी विचारावा? पगाराच्या बरोबरीने साइटवर स्वच्छतागृह आहे का, हा. तो विचारण्यात संकोच नको. मजूर स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या विटा वाहात असलेल्या या उद्योगाने स्त्री अभियंत्यांची मात्र फार उशिरा दखल घेतली. नियोजन, कंत्राट आणि परिमाण मोजणीच्या विभागांत मुली आता दिसतात; प्रत्यक्ष अंमलबजावणीत अजून थोड्याच.

कोठे आणि कसा प्रवेश

मुंबईत माटुंग्याचे व्हीजेटीआय आणि अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय, पुण्यात सीओईपी येथे एम.टेक. स्तरावर हा विषय घेता येतो. मुंबई व पुणे विद्यापीठांशी संलग्न काही खासगी महाविद्यालयांतही तो उपलब्ध आहे. पवई येथील आयआयटी मुंबई, तसेच दिल्ली आणि मद्रास येथील आयआयटींमध्ये या विषयाचे प्रस्थापित विभाग आहेत. दिल्ली आणि मद्रास येथे ‘एल अँड टी बिल्ड इंडिया’ शिष्यवृत्तीवर शिकणारे विद्यार्थीही असतात. ही शिष्यवृत्ती मिळाल्यास शिक्षणाच्या खर्चाची विवंचना उरत नाही, मात्र त्याबरोबर येणारी नोकरीची बांधिलकी वाचूनच स्वाक्षरी करावी. अहमदाबादचे सेप्ट आणि दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर यांचा दृष्टिकोन वास्तुकलेच्या अंगाने जाणारा आहे.

आयआयटी आणि शासकीय संस्थांतील एम.टेक.साठी ‘गेट’ ही परीक्षा महत्त्वाची. ती साधारणतः फेब्रुवारीत होते. राज्यातील जागांचे प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत केंद्रीय पद्धतीने होतात आणि त्यात ‘गेट’धारकांना प्राधान्य असते. निकमारची स्वतंत्र प्रवेशप्रक्रिया असून तेथील व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांना अभियंत्यांप्रमाणे वास्तुविशारदांनाही प्रवेश मिळतो. एम.टेक. आणि व्यवस्थापनाची पदवी यांत फरक आहे. पहिलीत संशोधन-प्रबंध असतो, पुढे अध्यापनाची किंवा पीएच.डी.ची वाट मोकळी राहते. दुसरीत वित्त, करार आणि कंपनीव्यवहारावर भर असतो. कंत्राटदार कंपन्यांत दोन्ही चालतात.

शासकीय आणि खासगी संस्थांच्या शुल्कातील अंतर मोठे आहे. खासगी संस्थेसाठी शैक्षणिक कर्ज काढण्यापूर्वी माहितीपुस्तिकेतील सर्वोच्च पगाराच्या आकड्यावर विसंबू नये. वर्गातील मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला किती वेतन मिळाले आणि किती जणांना काहीच मिळाले नाही, असे स्पष्ट विचारावे. प्राध्यापकांपैकी किती जणांनी साइटवर काम केले आहे, हा दुसरा प्रश्न. उत्तर देताना विभागप्रमुख चाचरले तर समजून घ्यावे.

परदेशात जाणाऱ्यांसाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड, पर्ड्यू आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ, ब्रिटनमधील रेडिंग आणि लाफबरो ही या विषयातील जुनी नावे आहेत. ब्रिटनमध्ये ‘क्वांटिटी सर्व्हेइंग’ हा स्वतंत्र प्रतिष्ठित पेशा आहे आणि आखाती देशांतील बांधकाम व्यवहारही बव्हंशी त्याच वळणाने चालतो. दुबई-दोह्याकडे नजर असलेल्यांनी अमेरिकी पदवीपेक्षा ही शाखा अधिक उपयोगी पडेल का, याचा विचार करावा.

पदवीनंतर लगेच की थांबून?

प्रस्तुत प्रतिनिधीचे मत विचाराल तर थांबून. बी.ई.चा निकाल लागताच एम.टेक.ला बसणाऱ्या विद्यार्थ्याला वेळापत्रकाचे तंत्र कळते, पण पावसाळ्यात बिहार-बंगालकडील मजूर शेतीसाठी गावी गेला की कामाचा वेग किती घटतो, याचा त्याला अंदाज नसतो. एखाद-दोन वर्षे साइटवर घालविलेला विद्यार्थी प्रत्येक धड्याला आपल्या फसलेल्या एखाद्या दिवसाशी जोडू शकतो. दोन वर्षांच्या अनुभवानंतर कंपनीमार्फत ‘प्रायोजित’ जागांवर अर्ज करण्याचा मार्गही काही ठिकाणी खुला असतो. घरची परिस्थिती बेताची असेल, तर आधी नोकरी आणि मग शिक्षण हा क्रम कर्जाच्या दृष्टीनेही सोयीचा. दहावीनंतर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात पदवीला आलेल्या मुलांना या अभ्यासक्रमात बहुधा जड जात नाही, कारण त्यांनी आराखडा वाचणे लवकर सुरू केलेले असते.

या शिक्षणाने सर्व विलंब टळतील, अशी समजूत नसावी. कोकण रेल्वेसाठी १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला. ई. श्रीधरन यांच्यासारखा व्यवस्थापक असूनही हे काम ठरल्या वेळेपेक्षा उशिराच झाले. गोव्यात मार्गाला विरोध झाला आणि पेडणे येथील बोगद्यात भिजलेली मऊ माती वारंवार ढासळत राहिली. त्याच श्रीधरन यांनी दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा २००५ मध्ये मुदतीआधी पुरा केला. उरलेले दिवस उलटे मोजणारी घड्याळे तेथे कचेऱ्यांत लावलेली असत. माणूस तोच, पद्धतही बरीचशी तीच. जमीन आधी हाती असणे, निर्णय घेण्याची मोकळीक आणि बिलांची वेळेवर चुकती यांनी फरक पडला. मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रो-३ मध्ये कारशेडची जागा २०२० मध्ये आरेहून कांजूरमार्गला आणि २०२२ मध्ये पुन्हा आरेला गेली. मार्ग पूर्णांशाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. एवढ्या मोठ्या उलथापालथीला कोणत्याच तक्त्यात सवड नसते.

नोकऱ्या मुख्यतः तीन ठिकाणी असतात : कंत्राटदार, विकासक किंवा शासकीय महामंडळ, आणि या दोघांमध्ये उभा राहणारा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. नियोजन, बिलिंग, परिमाण मोजणी, कंत्राटे, सुरक्षा, गुणवत्ता अशा शाखांतून सुरुवात होते. पहिली नोकरी बिलिंगची मिळाली म्हणून नाराज होण्याचे कारण नाही. कोणत्या बाबीत पैसा गळतो, हे बिलिंगवाल्याला सर्वांआधी कळते. बदलीची तयारी ठेवावी लागते. धरण, बोगदा किंवा महामार्ग असेल तेथे बिऱ्हाड, आणि काम संपले की पुन्हा सामान बांधणे, असा हा पेशा आहे. लग्नाच्या बैठकीत याची कल्पना आधीच दिलेली बरी, असे साइटवरील जुनी मंडळी हसत सांगतात.

आगामी ‘गेट’साठी अर्ज भरणाऱ्यांनी सिव्हिलच्या प्रश्नपत्रिकेतील बांधकाम साहित्य व व्यवस्थापन या घटकाची तयारी आताच सुरू करावी. तो लहान असल्याने बहुतेक जण शेवटच्या आठवड्यावर टाकतात, आणि मुलाखतीत नेमके त्यावरच प्रश्न विचारले जाण्याची शक्यता अधिक असते.